साडेसहा गुंठ्यांचा खेळ

नांदेड आणि लातूर या मराठवाड्यातील दोन व्यापारी शहरांमध्ये सुमारे १४० किलोमीटरांचे अंतर आहे. एक गोदावरीच्या काठी वसलेले, तर दुसरे बालाघाटच्या पठारावर. नांदेडहून निघालेला रस्ता लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर ही गावे मागे टाकीत हळूहळू चढत जातो आणि लातूर येईपर्यंत समुद्रसपाटीपासूनची उंची अडीचशे मीटरांहून अधिक वाढलेली असते. या रस्त्यावरून कापूस, हळद, सोयाबीन, तूर आणि डाळ यांची जशी ने-आण चालते, तशीच सोयरिकींचीही चालते. जैन व्यापारी कुटुंबांत एका शहरी माहेर आणि दुसऱ्या शहरी सासर ही नित्याची गोष्ट. शेतमालाचे भाव, चातुर्मासातील मुनिदर्शन, लग्नाच्या तिथी आणि मुलांचे निकाल हे या प्रवासातील संभाषणाचे ठरलेले विषय. त्यांत एखाद्या घरी आणखी एक विषय निघतो. मुलाने किंवा मुलीने टेनिसमध्ये पुढे जावे काय, आणि जावे तर किती पुढे?

हा प्रश्न ज्याच्या मनात सर्वांत आधी उभा राहतो, तो म्हणजे हौशी टेनिसपटू. जिल्ह्याच्या प्रत्येक ठिकाणी असा माणूस भेटतो. पन्नाशी-साठीतील एखादा अडत व्यापारी, डॉक्टर, प्राध्यापक किंवा निवृत्त अधिकारी पहाटे साडेपाचला रॅकेट घेऊन घराबाहेर पडतो, तास-दीड तास दुहेरी खेळतो आणि दुकान उघडण्याच्या वेळेपर्यंत स्नान-देवदर्शन आटोपून गादीवर येऊन बसतो. त्याची सर्व्हिस फारशी वेगवान नसते, गुडघाही अधूनमधून तक्रार करतो. परंतु खेळ आतून कसा असतो हे त्याला ठाऊक असते. दूरचित्रवाणीवर विम्बल्डनचा अंतिम सामना पाहताना त्याला टाळ्यांच्या मागचे कष्ट दिसतात, आणि शेजारच्या कोर्टावर रडवेल्या चेहऱ्याने सराव करणारे दहा वर्षांचे मूल पाहिले की त्याला कुंपणाबाहेर उभे असलेले आई-वडीलही दिसतात. व्यावसायिक टेनिस आणि मुलांचे टेनिस यांविषयी त्याला जे वाटते, ते या दोन शहरांच्या संदर्भात तपासून पाहण्याजोगे आहे.

नांदेडला खेळाचे आणि शौर्याचे वावडे कधीच नव्हते. १७०८ साली श्री गुरू गोविंदसिंगजींचे येथे देहावसान झाले. तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथून होळी आणि दसऱ्याला निघणारी हल्लाबोल मिरवणूक पाहिली म्हणजे घोडेस्वारी व शस्त्रविद्येची परंपरा या शहराने कशी जपली आहे, हे ध्यानात येते. टेनिसची वाट मात्र निराळी. हा खेळ इंग्रजांच्या छावण्यांतून आणि अधिकाऱ्यांच्या क्लबांतून आपल्याकडे आला. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत नांदेड आणि लातूर हे दोन्ही प्रदेश हैदराबाद संस्थानात होते, आणि नांदेडकरांना आजही पुण्यापेक्षा हैदराबाद जवळचे वाटते. त्याच हैदराबादच्या सानिया मिर्झाने २००७ साली एकेरीत जागतिक क्रमवारीचे २७ वे स्थान गाठले आणि पुढे महिला व मिश्र दुहेरीची मिळून सहा ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळविली. तिच्यामुळे लहान शहरांतील अनेक पालकांनी मुलींच्या हाती प्रथमच रॅकेट दिली, यात शंका नाही. परंतु हैदराबादमधील मुलीला जी कोर्टे, जे प्रशिक्षक आणि ज्या स्पर्धा दारात मिळतात, त्यांसाठी नांदेडच्या मुलीला रात्रीचा प्रवास करावा लागतो. प्रतिभा दोघींची सारखी धरली, तरी खर्च सारखा राहत नाही.

खर्चाचा हा विचार लोहा सोडून माळेगाव आले की अधिकच मनात येतो. मार्गशीर्षातील खंडोबाच्या यात्रेसाठी हे गाव सर्वदूर प्रसिद्ध आहे. घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार, लोककलांचे फड आणि कुस्त्यांची दंगल ही या यात्रेची वैशिष्ट्ये. कुस्तीच्या आखाड्याभोवती बसलेला गावकरी आपल्या पैलवानासाठी खिशात हात घालतो. तालमीचा खर्च, खुराक, इनाम यांचा भार पिढ्यान्‌पिढ्या गावांनी आणि संस्थानिकांनी वाटून घेतला. १९६९ साली महाराष्ट्र केसरी झालेले हरिश्चंद्र बिराजदार हे लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे. खेड्यातील मुलाला मोठा मल्ल होता येते, कारण त्याच्यामागे गाव उभे असते. टेनिसपटूच्या मागे बहुधा एकटा बाप उभा असतो. रॅकेट, चेंडू, प्रशिक्षकाचे मानधन, स्पर्धेची प्रवेश फी, रेल्वेचे तिकीट, हॉटेलची खोली हे सारे एकाच घराच्या तिजोरीतून जाते. एकट्याचे भांडवल गुंतले की परताव्याची घाई होते, आणि ही घाई शेवटी मुलाच्या खांद्यावर येऊन बसते.

लातूरला पोहोचताच या घाईचे दुसरे रूप दिसते. शहराच्या मध्यभागी १९१७ साली उभारलेली गंजगोलाईची वर्तुळाकार वास्तू आहे. मधोमध अंबाबाईचे मंदिर, आणि भोवती १६ रस्ते एकत्र येतात. सराफ, कापड, भुसार, भांडी अशा निरनिराळ्या पेठा त्या रस्त्यांना लागून वाढल्या. राष्ट्रकूट राजे स्वतःस लट्टलूर नगरीचे अधीश्वर म्हणवीत, आणि ते लट्टलूर म्हणजेच आजचे लातूर असे अभ्यासक मानतात. आचार्य जिनसेनांना गुरुस्थानी मानणारा अमोघवर्ष हा त्याच कुळातला. आज मात्र लातूरचे नाव देशभर घेतले जाते ते 'लातूर पॅटर्न'साठी. दहावी-बारावीच्या गुणवत्ता याद्यांतून सुरू झालेला हा लौकिक आता वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांपर्यंत पोहोचला आहे, आणि नांदेडही त्याच वाटेने पुढे आले आहे. राज्याच्या कानाकोपऱ्यांतून मुले येथे येतात, वसतिगृहात राहतात, मेसमध्ये जेवतात आणि दिवसाचे दहा-बारा तास पुस्तकांत घालवतात. त्यामुळे या दोन शहरांत कोर्टावरील मुलांची संख्या वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी एकदम रोडावते. ज्या वयात शरीर भरू लागते, फटक्यात जोर येतो आणि खेळ खऱ्या अर्थाने समजू लागतो, त्याच वयात रॅकेट माळ्यावर जाते.

येथे पाण्याचीही गोष्ट सांगावी लागते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या १० वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले, आणि पुढे ५० वाघिणींच्या गाड्या धावू लागल्या. ज्या शहराने असे दिवस पाहिले, तेथे मुरमाच्या किंवा लाल मातीच्या कोर्टावर रोज पाणी मारून रूळ फिरविणे हा प्रश्न केवळ क्रीडाशास्त्राचा राहत नाही. गुडघ्यांना मातीचे कोर्ट मानवते. सिमेंटच्या पक्क्या कोर्टाला पाणी लागत नाही, परंतु ते सांध्यांना कठोर असते. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे गेला की सकाळी आठनंतर दोन्ही निरुपयोगीच. मराठवाड्यात टेनिसचे कोर्ट बांधणाऱ्याने पाणी, ऊन आणि गुडघे या तिन्हींचा मेळ घालूनच निर्णय घ्यावयाचा असतो.

कोर्टाला जागा तरी किती लागते? एकेरीचे आखलेले कोर्ट २३.७७ मीटर लांब आणि ८.२३ मीटर रुंद असते, दुहेरीसाठी रुंदी १०.९७ मीटर होते. भोवती पळण्याची मोकळी जागा धरली की प्रचलित हिशेबाने १२० फूट बाय ६० फूट, म्हणजे ७,२०० चौरस फूट जमीन लागते. गुंठ्यांत सांगावयाचे तर साडेसहा गुंठ्यांहून थोडी अधिक. प्लॉटिंगचा धंदा जाणणाऱ्या वाचकास हा आकडा लगेच समजेल. एवढ्या जागेत एका वेळी दोन, फार तर चार माणसे खेळणार. हिशेबनीस मनाला ही उधळपट्टी वाटते. पण तेच कोर्ट पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंत वापरात राहिले, तर दिवसभरात चाळीस-पन्नास लोक त्यावर खेळून जातात. टेनिसचे अर्थकारण असे आहे. रिकामे कोर्ट महाग पडते, भरलेले कोर्ट स्वस्त.

आता व्यावसायिक टेनिसचे नफा-तोटा पत्रक पाहावे. दूरचित्रवाणीवर दिसतो तो केवळ डोंगराचा माथा. २०२४ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत एकेरीच्या पहिल्याच फेरीत हरणाऱ्या खेळाडूस एक लाख डॉलर मिळाले. त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या १५ हजार डॉलरच्या सर्वांत खालच्या पुरुष स्पर्धेत पहिल्या फेरीत हरणाऱ्यास मिळत होते सुमारे दीडशे डॉलर, आणि विजेत्यास दोन हजारांहून थोडे अधिक. पराभवाच्या दोन किमतींत सहाशे पटींहून अधिक अंतर! याच महासंघाच्या २०१७ च्या पाहणीनुसार जगभरात दरवर्षी १४ हजारांहून अधिक खेळाडू व्यावसायिक स्पर्धांत उतरत होते, आणि त्यांतील जवळजवळ निम्म्यांना बक्षिसाचा एक पैसाही मिळत नव्हता. प्रशिक्षकाचा खर्च न धरताही जमाखर्च बरोबरीत येण्यासाठी पुरुषांमध्ये ३३६ व्या, तर महिलांमध्ये २५३ व्या क्रमांकाच्या आत असावे लागते, असे २०१३ च्या आकड्यांवरून महासंघानेच काढले होते. सारे जग मिळून जेमतेम सहाशे लोकांचे पोट भरणारा हा धंदा आहे.

या हिशेबास भारतीय उदाहरणही आहे. सुमित नागल हा देशाचा अव्वल एकेरी खेळाडू असताना २०२३ च्या सप्टेंबरमध्ये त्याने जाहीरपणे सांगितले की, वर्षभर खेळून आपल्या खात्यात ९०० युरो, म्हणजे सुमारे ८० हजार रुपये उरले आहेत. वर्षाचा खर्च एक कोटीच्या घरात जातो, असेही त्याने सांगितले. चारच महिन्यांनी, २०२४ च्या जानेवारीत, ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेत पात्रता फेरीतून येऊन त्याने ३१ वा मानांकित अलेक्झांडर बुब्लिक याला हरविले. १९८९ साली रमेश कृष्णन यांनी मॅट्स विलॅंडर याला नमविल्यानंतर ग्रँड स्लॅम एकेरीत मानांकित खेळाडूवर भारतीयाने मिळविलेला तो पहिलाच विजय. दुसऱ्या फेरीपर्यंतच्या त्या मजलेचे त्याला एक लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले, म्हणजे रुपयांत जवळजवळ एक कोटी. पुढे तो जागतिक क्रमवारीत ६८ व्या स्थानापर्यंत गेला. ज्या व्यवसायात देशातील सर्वोत्तम माणसाचे खाते सप्टेंबरात रिकामे आणि जानेवारीत भरलेले असते, त्याला व्यापारी भाषेत कोणता शब्द लावावा, हे वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही.

तरीही मुलांनी टेनिस खेळू नये, असा निष्कर्ष यातून निघत नाही. उलट, मुलांचे टेनिस नीट पाहिले तर त्यातील शिकवण व्यापारी घराच्या संस्कारांशी आश्चर्यकारकरीत्या जुळते. कुमार गटाच्या बहुसंख्य सामन्यांत प्रत्येक रेषेवर पंच नसतो. आपल्या बाजूस पडलेला चेंडू आत की बाहेर, हे खेळाडूनेच सांगावयाचे असते. आणि संकेत असा की, मनात शंका असेल तर चेंडू आत धरावा, म्हणजे शंकेचा लाभ प्रतिस्पर्ध्यास द्यावा. बारा वर्षांच्या मुलासमोर मोक्याच्या क्षणी रेषेला चाटून गेलेला चेंडू येतो. त्याच्याखेरीज ते कोणी पाहिलेले नसते. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत हीनाधिक मानोन्मान, म्हणजे देण्याचे माप एक आणि घेण्याचे माप दुसरे, हा एक आहे. गंजातील तराजूला लागू असलेला तोच नियम कोर्टावरील त्या रेषेला लागू पडतो. प्रवचनात ऐकलेले अचौर्य येथे एका सकाळीत दहा वेळा कसाला लागते. कुंपणाबाहेरून बापाने डोळ्यांनी केलेली एक खूण हे सारे शिक्षण पुसून टाकू शकते, हेही तितकेच खरे.

दुसरी शिकवण पराभवाची. ३२ खेळाडूंच्या तक्त्यातील १६ जण पहिल्याच फेरीत बाहेर पडतात आणि आठवडा संपेपर्यंत ३१ जण हरलेले असतात. राष्ट्रीय क्रमवारीच्या कुमार स्पर्धांत साधारणतः शनिवार-रविवारी पात्रता फेरी आणि सोमवारपासून मुख्य फेरी असते. लातूरहून पुण्यास गेलेले मूल हरले तर शनिवारी दुपारीच परतीची गाडी धरते, आणि जिंकत गेले तर शाळेचा आठवडा बुडतो. हरले तर भाडे वाया, जिंकले तर अभ्यास वाया, असा हा पेच. त्यातून मुलाला सावरते ती एकच समज. हरणे हा या खेळाचा अपघात नाही, तो त्याचा नित्याचा व्यवहार आहे. रॉजर फेडररने २०२४ च्या जूनमध्ये अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाच्या पदवीदान समारंभात आपलाच हिशेब मांडला होता. १,५२६ एकेरी सामन्यांपैकी जवळजवळ ८० टक्के त्याने जिंकले, पण त्या सामन्यांतील एकूण गुणांपैकी जिंकले केवळ ५४ टक्के. शेकडा चार-पाचाच्या फरकावर त्याची सारी कारकीर्द उभी राहिली. डाळ मिल किंवा अडतीची पेढी चालविणाऱ्यास हे गणित नवे नाही. थोड्या नफ्यावर, पण दररोज, न चिडता व्यवहार करीत राहणारी पेढीच तीन पिढ्या टिकते.

मुलांच्या टेनिसमधील खरा धोका पराभवात नसून अकाली व्यवसायात आहे. जेनिफर कॅप्रियाटी १९९० साली वयाच्या तेराव्या वर्षी व्यावसायिक झाली, आणि काही वर्षांतच थकून खेळापासून दूर गेली. अशा प्रसंगांनंतर महिला टेनिस संघटनेने १९९५ पासून कोवळ्या वयातील मुलींच्या स्पर्धांवर मर्यादा घातल्या. कॅप्रियाटी पुढे परतली आणि २००१ साली ऑस्ट्रेलियन विजेतीही झाली, पण मधली वर्षे परत मिळाली नाहीत. आंद्रे अगासीने २००९ च्या आत्मचरित्रात आपण या खेळाचा द्वेष करीत होतो असे लिहिले, आणि त्याचे मूळ बालपणीच्या सक्तीत दाखविले. जागतिक संघटना या अनुभवांतून शहाण्या झाल्या आहेत. २०१२ पासून दहा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू वापरला जात नाही. सर्वांत लहानांसाठी ७५ टक्के मंद लाल चेंडू, मग ५० टक्के मंद नारिंगी, मग २५ टक्के मंद हिरवा, अशी पायरी ठेवली आहे. नांदेड-लातूरच्या पालकांनी मुलाला प्रशिक्षकाकडे नेताना प्रथम एवढेच विचारावे, की येथे लाल आणि नारिंगी चेंडू आहेत काय? सात वर्षांच्या मुलास थेट पिवळ्या चेंडूपुढे उभे करणारा प्रशिक्षक घाईत आहे, असे खुशाल समजावे.

व्यावसायिक खेळाडू होणे आणि रॅकेट कायमची ठेवून देणे या दोन टोकांच्या मध्ये इतरही वाटा आहेत. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासह मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळविणारी महाराष्ट्राची ऋतुजा भोसले ही टेक्सासमधील विद्यापीठाकडून खेळली. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात होता. अमेरिकी विद्यापीठे चांगल्या टेनिसपटूंना शिष्यवृत्ती देतात, त्यामुळे पदवी आणि खेळ दोन्ही हाती राहतात. शिक्षणास प्रथम स्थान देणाऱ्या घरांना ही वाट विशेष मानवणारी आहे. राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, तेही लक्षात ठेवावे. आणि जुने उदाहरण पाहावयाचे तर सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांचे. कुमार वयात राष्ट्रीय टेनिस स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ते रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरले आणि बॅडमिंटनकडे वळले. १९५६ साली परदेशातील बॅडमिंटन स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय ठरले. पुढे त्यांचे चिरंजीव गौरव यांनी १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिएंडर पेसच्या साथीने टेनिसच्या पुरुष दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले. टेनिसमध्ये गुंतविलेली वर्षे बुडीत खाती जात नाहीत. ती दुसऱ्या खात्यावर वर्ग होतात.

जैन घरांपुरत्या काही बाबी स्वतंत्रपणे सांगण्याजोग्या आहेत. रॅकेटला तारा ओवण्याला आपल्याकडे 'गटिंग' म्हणतात. या शब्दातील 'गट' म्हणजे आतडे. पूर्वी या तारा जनावरांच्या आतड्यांपासून करीत, आणि 'नॅचरल गट' या नावाने त्या महाग तारा आजही मिळतात. नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या तारा कृत्रिम असतात, स्वस्त पडतात आणि अधिक टिकतात. दुकानदारास स्पष्ट विचारून त्याच घ्याव्यात. मुठीवरची पट्टीही चामड्याची नाही ना, हे पाहून घ्यावे. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्या मुलांसाठी प्रकाशझोतातील सायंकाळचा सराव गैरसोयीचा, पहाटेचा सोयीचा. शालेय स्पर्धांचा हंगाम आणि पर्युषण किंवा दशलक्षण पर्व एकाच सुमारास आले, तर उपवास आणि सामना यांतील निवड घरच्या वडीलधाऱ्यांनी आधीच मोकळेपणाने बोलून ठरवावी. सामन्याच्या सकाळी वाद घालून काहीच साधत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे परिमाण. श्रावकाच्या व्रतांत परिग्रहाची मर्यादा स्वतः होऊन, आधीच ठरवावयाची असते. लोभ वाढल्यावर मर्यादा आखता येत नाही, हे त्यामागील शहाणपण आहे. मुलाच्या खेळालाही हेच लागू करावे. दरवर्षी किती रुपये, किती स्पर्धा, शाळेचे किती दिवस, आणि कोणत्या वयापर्यंत, हे खेळ रंगात येण्याआधी कागदावर लिहावे. तसे न केल्यास दोनच गोष्टी घडतात. एका घरी आजवर इतके घातले, आता मागे कसे फिरावे, या विचाराने नव्या पैशामागे नवा पैसा जातो. कर्जाच्या व्यवहारात अशा वृत्तीने बुडालेल्या पेढ्या सर्वांना ठाऊक आहेत. दुसऱ्या घरी दहावी उजाडताच रॅकेट एका दिवसात बंद होते, आणि मुलाला वाटते की आजवर जे केले ते सारे फुकट गेले. मर्यादा लिहिलेल्या घरात तिसरी शक्यता उरते. अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत स्पर्धा थांबतात, पण आठवड्यातून तीन सकाळी तासभराचे खेळणे थांबत नाही. बारा तास पुस्तकांपुढे बसणाऱ्या मुलाला त्या तीन तासांची गरज इतर कोणाहून अधिक आहे.

कारण या खेळाचा खरा लाभांश उशिरा मिळतो. डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात सुमारे साडेआठ हजार लोकांचा २५ वर्षांपर्यंत मागोवा घेतलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. बैठ्या लोकांच्या तुलनेत टेनिस खेळणाऱ्यांचे आयुर्मान ९.७ वर्षांनी, बॅडमिंटन खेळणाऱ्यांचे ६.२ वर्षांनी, तर धावणाऱ्यांचे ३.२ वर्षांनी अधिक आढळले. टेनिस खेळणाऱ्यांची सुस्थिती आणि सोबतीची माणसे यांचाही त्यात वाटा असू शकेल, पण गादीवर दिवस काढणाऱ्या, मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी असलेल्या समाजाने हा आकडा दुर्लक्षू नये. युक्रेनमधील खार्किवचे लिओनिद स्तानिस्लाव्स्की २०२१ साली वयाच्या ९७ व्या वर्षी ज्येष्ठांच्या जागतिक स्पर्धेत उतरले होते. इतके दीर्घकाळ खेळता येणारे खेळ फार थोडे.

नांदेडच्या किंवा लातूरच्या समाजाने आपल्या वसतिगृहाच्या, विद्यालयाच्या अथवा मंगल कार्यालयाच्या आवारात साडेसहा गुंठे राखून एक कोर्ट बांधले, तर पैलवानामागे गाव उभे राहते तसा समाज मुलांमागे उभा राहील आणि एकट्या बापावरचा भार हलका होईल. पहाटे आजोबा आणि त्यांचे सोबती, सकाळी गृहिणी, दुपारनंतर शाळकरी मुले, आणि ऊन उतरताच शिकवणी वर्गातून सुटलेले विद्यार्थी. सूर्यास्तापूर्वी सर्वांनी जेवणास घरी परतावे. त्यांतून एखादा सुमित नागल निघेल की नाही, हे सांगता येणार नाही, आणि त्यासाठी कोर्ट बांधावयाचेही नाही. चेंडू रेषेवर पडला असता खरे बोलणारी, हरल्यावर हात मिळविणारी आणि साठाव्या वर्षीही पहाटे उठून रॅकेट उचलणारी माणसे त्यातून निश्चित निघतील. ठेव दीर्घ मुदतीची आहे. व्याजही तसेच, सावकाश आणि आयुष्यभर मिळत राहणारे.